एकटा ग्लास काही सांगत नाही

पुण्या-मुंबईहून ॲबरडीनला आमच्याकडे कुणी आलं, की जेवणं आटपेपर्यंत दोन प्रश्न हमखास येतात. "इथली सगळ्यात भारी सिंगल माल्ट कुठली?" आणि "परत नेताना खिशाला परवडेल अशी कुठली?" माझी नोकरी तेलाच्या धंद्यातली, पण स्पे नदीचं खोरं घरापासून दीड तासावर आणि ग्लेनड्रॉनाक, ग्लेन गॅरिऑक तर त्याहून जवळ. नाद लागायला एवढं पुरतं. पाहुण्यांशी बोलून बोलून काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या. त्यांचं सार एवढंच: पैसे मोजायचे ते आपल्या जिभेला कळणाऱ्या फरकाचे.

आधी व्याख्या. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये गाळलेली ती सिंगल माल्ट. शेकडो पिंपं एकत्र केली तरी ती सिंगलच, डिस्टिलरी एक हवी. स्कॉच म्हणायचं तर स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरायला हवी आणि बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली चालत नाही. २००९ सालच्या ब्रिटिश नियमावलीत हे सगळं नमूद आहे. आता अनुभवाचं.

१. दोन ग्लास शेजारी ठेवा, फरक एकच ठेवा

एकटी व्हिस्की कितीही निगुतीने घेतली तरी "छान आहे" याच्या पुढे गाडी जात नाही. शेजारी दुसरी आली की जीभ बोलू लागते: ही जास्त गोड, ती कोरडी, हिची चव लगेच विरते, तिची रेंगाळते. पण जोडी विचारपूर्वक लावायला हवी. डफटाउन गावात ग्लेनफिडिक आणि बालव्हेनी या दोन डिस्टिलऱ्या अगदी लागून आहेत. मालक एकच, विल्यम ग्रँट अँड सन्स. इथे मिळणारी ग्लेनफिडिक १२ आणि बालव्हेनी डबलवूड १२, दोन्हींचं वय तेवढंच, अल्कोहोल तेवढंच म्हणजे ४० टक्के. तरी ग्लेनफिडिकमध्ये हिरवट नासपतीचा ताजेपणा पुढे येतो आणि बालव्हेनीत मध, दालचिनी. बालव्हेनी थोडी महाग पडते. ते वरचे पैसे द्यायचे की नाही, याचा निर्णय हे दोन ग्लास दहा मिनिटांत करून देतात. ग्लेनफिडिकच्या शेजारी धुराच्या चवीची आर्डबेग ठेवून मात्र काहीच कळत नाही, कारण तिथे सगळंच वेगळं असतं.

२. नाव झाकल्याशिवाय मत देऊ नका

लेबल दिसलं की नाकाआधी डोळे निकाल देऊन मोकळे होतात. गेल्या हिवाळ्यात घरी बसलो असताना बायकोने स्वयंपाकघरात तीन ग्लास भरले आणि तळाला अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. तिन्ही शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या: मॅकॅलन १२ शेरी ओक, ग्लेनड्रॉनाक १२ आणि ग्लेनफार्क्लास १५. एका मित्राने बराच वेळ 'ब'मध्ये नाक घालून जाहीर केलं, "हीच महागडी. हिला वजन आहे." वहिनी म्हणाल्या, "अहो, मघाशी वजन 'क'ला होतं." चिठ्ठ्या उलटल्या तर 'ब' ही तिघींत स्वस्त असलेली ग्लेनड्रॉनाक निघाली. वहिनींना मॅकॅलनच आवडली होती, तीही नाव न बघता. त्यांनी ती खुशाल घ्यावी, कारण त्यांचे पैसे त्यांना कळलेल्या फरकाला जातात.

किंमत आणि चव यांची फारकत कुठवर जाते याचं टोकाचं उदाहरणही मॅकॅलनचंच. १९२६ साली गाळलेली, ६० वर्षं मुरलेली आणि १९८६ मध्ये एकाच पिंपातून ४० बाटल्यांत भरलेली व्हिस्की. त्यांतली एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली. एवढ्या पैशांत दुर्मीळपणा विकत मिळतो. चव हा तिथे विषयच नसतो.

३. वयाचा आकडा म्हणजे गुणांचा आकडा नाही

लेबलवरचं वय त्या बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं. पिंपात असताना स्कॉटलंडच्या गारव्यात दरवर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. त्याला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. २०० लिटरच्या पिंपाचा हिशेब करा: १२ वर्षांनी सुमारे १५७ लिटर उरते, १८ वर्षांनी १३९. म्हणजे मधल्या सहा वर्षांत साधारण अकरा टक्के घट. त्यात गोदामाचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरा. तरीही त्याच घराण्याची १८ वर्षांची बाटली १२च्या दुपटीहून महाग असते, ते मुख्यतः माल थोडा आणि मागणी मोठी म्हणून.

चवीत काय होतं? लाकूड वाढतं, तिखटपणा कमी होतो, सुकामेवा आणि जुन्या फर्निचरचा वास येतो. पण मुळातला फळांचा ताजेपणा मागे पडतो आणि पिंप जोरकस असेल तर तुरटपणाही येतो. मला स्वतःला १२ ते १५ या टप्प्यात पैशाला पुरेपूर मोल मिळतं. पुढचं सणावारी, तेही दुसऱ्याकडे.

४. रंगावर भाळू नका

गडद सोनेरी रंग म्हणजे जुनी, समृद्ध व्हिस्की हा समज फार खोल रुजलेला आहे. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरॅमल रंग या दोनच गोष्टी वरून घालायला परवानगी आहे, आणि बऱ्याच नामांकित माल्टमध्ये तो रंग असतो. जर्मनीत विकायच्या बाटलीवर तसं छापावं लागतं, इथे लागत नाही. ज्यांनी घातलेला नसतो ते सहसा लेबलवर 'नॅचरल कलर' असं अभिमानाने लिहितात. न लिहिलेली वाईट असं मुळीच नाही. फक्त रंग बघून जास्त पैसे देऊ नका.

५. डिस्टिलरीच्या आधी पिंप विचारा

भट्टीतून निघते तेव्हा व्हिस्की पाण्यासारखी नितळ असते. रंग आणि चवीचा मोठा भाग पिंपातून येतो. अमेरिकेत बूर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बूर्बनसाठी पुन्हा चालत नाही, म्हणून ती पिंपं इकडे येतात आणि व्हॅनिला, नारळ, मध अशा चवी देतात. शेरीची पिंपं स्पेनहून येतात आणि खजूर, मनुका, लवंग, संत्र्याची साल देतात. पूर्वी शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची. आता ती स्पेनमध्येच बाटलीबंद होते, त्यामुळे पिंपांत मुद्दाम शेरी मुरवून ती इकडे पाठवतात. ही पिंपं बूर्बनच्या पिंपांच्या कित्येक पट महाग. शेरीवाल्या माल्टची किंमत चढी असते त्यामागे हेही कारण आहे.

हा फरक समजून घ्यायला ग्लेनमोरंजीची 'ओरिजिनल' आणि 'लसांता' ही जोडी उत्तम. भट्टी एकच, पहिलीचं आयुष्य बूर्बनच्या पिंपात आणि दुसरीची शेवटची काही वर्षं शेरीच्या पिंपात. दोन्ही चाखल्यावर आपण व्हॅनिलावाले की मनुकावाले हे कळतं, आणि पुढच्या खरेदीतला निम्मा घोळ मिटतो.

६. टक्के वाचा, मग भाव काढा

७०० मिलिलिटरच्या बाटलीत ४० टक्क्यांना २८० मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४६ला ३२२ आणि ६०ला ४२०. ग्लेनफार्क्लास १०५ ही ६० टक्क्यांची बाटली. तिच्यात पाणी घालून ४०वर आणली तर एक लिटरच्या वर व्हिस्की होते. शेल्फवर ती महाग दिसते, पण ग्लासागणिक भाव काढला तर अनेकदा शेजारणीपेक्षा स्वस्त पडते.

४६ हा आकडा बघण्याचं आणखी एक कारण आहे. त्याहून कमी टक्क्यांची व्हिस्की थंडीत किंवा बर्फाने गढूळ दिसू शकते, म्हणून तिला गारठवून गाळतात. त्यात तोंडात भरणारा तेलकटपणा थोडा निघून जातो. ४६ला सहसा तशी गरज पडत नाही. दोन बाटल्यांच्या किमतीत तीन-चार पौंडांचाच फरक असेल तर मी डोळे झाकून ४६वाली उचलतो.

७. तळाची आणि शेंड्याची किंमत सोडून मधे राहा

ब्रिटनमध्ये १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ३२.७९ पौंड कर होता. म्हणजे ४० टक्क्यांच्या बाटलीवर ९.१८ पौंड, बाटली कितीचीही असो. वर २० टक्के व्हॅट. या दराने ३० पौंडांच्या बाटलीतले १४ पौंड सरकारचे, उरले १६. ६० पौंडांच्या बाटलीतले १९ सरकारचे, उरले ४१. किंमत दुप्पट झाली, पण व्हिस्की, बाटली आणि दुकान यांच्या वाट्याचे पैसे अडीचपटींवर गेले. म्हणून अगदी स्वस्तातून मधल्या पट्ट्यात जाताना चवीत ठळक वाढ दिसते. शंभर पौंडांपुढे मात्र वाढीव पैसा वय, लाकडी पेटी आणि नावाकडे वळतो.

स्कॉटलंडमध्ये तळालाही मर्यादा आहे. ३० सप्टेंबर २०२४ पासून अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला, किमान ६५ पेन्स घ्यावे लागतात. ४० टक्क्यांची बाटली २८ युनिटांची, म्हणजे १८.२० पौंडांखाली ती विकताच येत नाही. सुपरमार्केटांच्या स्वतःच्या लेबलच्या सिंगल माल्ट याच्या थोड्या वर सुरू होतात. डिस्टिलरीचं नाव त्यांवर सहसा नसतं, पण रोजच्या घोटासाठी त्यांतल्या काही तक्रारीला जागा ठेवत नाहीत.

८. पाणी घालायला लाजू नका

"सिंगल माल्टमध्ये पाणी? पाप!" असं म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक बैठकीत असतो. धंद्यातले मास्टर ब्लेंडर वास घेतात तेच मुळी २० टक्क्यांच्या आसपास पातळ करून. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकीय गणिताने दाखवलं, की धुराचा वास देणारं ग्वायकॉल हे द्रव्य ४५ टक्के किंवा त्याखालच्या मिश्रणात पृष्ठभागाशी गोळा होतं आणि ५९ टक्क्यांपुढे आत बुडतं. पाणी घातल्यावर वास वर येतो, तो असा.

पद्धत सोपी. ट्युलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. आधी कोरडी हुंगा, तोंड किंचित उघडं ठेवून. मग एक घोट. मग चमच्याने चार थेंब पाणी, पुन्हा हुंगा. बर्फ चव गोठवतो, सोडा झाकतो. तुलना करायची नसेल तेव्हा दोन्हींना माझी ना नाही.

९. धूर शेवटी, आणि प्रदेशावर विसंबून नको

आयला बेट (उच्चार हाच, हसून घ्या) पीट नावाच्या जळाऊ मातीच्या धुरासाठी प्रसिद्ध. पोर्ट एलन गावातून निघालं की दक्षिण किनाऱ्यावर लॅफ्रॉइग, लॅगाव्हुलिन आणि आर्डबेग ओळीने लागतात. तिन्ही पायी फिरता येतील इतक्या जवळ. पहिल्यांदा लॅफ्रॉइग हुंगणारा "अरे, हे तर आयोडीन आहे!" म्हणून ग्लास खाली ठेवतो. त्याला घाई करू नका. आधी बोमोर किंवा स्काय बेटावरची टॅलिस्कर द्या, मग हळूहळू दक्षिण किनाऱ्याला न्या. आणि एका बैठकीत धुराची पाळी शेवटी, कारण नंतर दुसरं काही कळत नाही.

पण आयला म्हणजे धूर हे समीकरण पक्कं नाही. त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची बाटली जवळपास धुराविना असते, आणि मुख्य भूमीवरच्या आर्डमोरला बऱ्यापैकी धूर असतो.

इथे एक फायद्याची गोष्टही आहे. वय वाढलं की धूर मंदावतो. त्यामुळे धूर आवडत असेल तर तरुण व्हिस्कीच अधिक खणखणीत आणि स्वस्तही. १० वर्षांची, ४६ टक्क्यांची आर्डबेग आणि १६ वर्षांची, ४३ टक्क्यांची लॅगाव्हुलिन शेजारी ठेवा. दुसरी गोलाईदार आहे यात वाद नाही. त्या गोलाईसाठी बरेच जास्त पौंड द्यावेत का, हे मात्र प्रत्येकाने आपलं ठरवावं.

१०. नोंदी आपल्या स्वयंपाकघरातल्या करा

बाटलीच्या पाठीवर 'हेदरची फुलं', 'ख्रिसमस केक' असं लिहिलेलं असतं. ते वास लहानपणी आपल्या नाकात गेलेलेच नसतात, म्हणून नवखा माणूस बिचकतो. माझ्या वहीत ग्लेनड्रॉनाकपुढे 'खजूर, काकवी, जायफळ' लिहिलंय. टॅलिस्करपुढे 'मिरी, खारा वारा, विझलेली शेकोटी'. ग्लेनलिवेट १२पुढे 'अननस, साय'. एका पाहुणीने आर्डबेगला 'भाजलेल्या वांग्याची साल' म्हटलं. इतकं अचूक वर्णन मी इंग्रजीत वाचलेलं नाही. नाव लिहून ठेवलेला वास पुढच्या वेळी चटकन ओळखू येतो, आणि तुलनेला धार येते.

चकणा मात्र नंतर. लसणाच्या शेवेनंतर पंचवीस पौंडांची आणि पंच्याहत्तर पौंडांची व्हिस्की सारखीच लागते. साधी पोळी आणि पाणी पुरतं.

११. विमानतळावर मिलिलिटर मोजा, भारतात कर

ड्यूटी-फ्रीमध्ये मोठी पेटी, 'फक्त प्रवाशांसाठी' असा शिक्का आणि वयाचा उल्लेख नाही, अशा बाटल्या फार. त्यांत काही चांगल्या असतात. पण कुठे ७०० मिली, कुठे एक लिटर, आणि भारतातल्या दुकानात ७५०. त्यामुळे १०० मिलीचा भाव काढल्याशिवाय स्वस्त-महाग ठरत नाही. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरची सूट आहे, हेही लक्षात असू द्या.

तिकडे हिशेबच वेगळा. आयात स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्याच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क. महाराष्ट्राने ते आयात स्कॉचसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा मुंबईतल्या किमती एकदम उतरल्या.

म्हणून पुण्यात बसून तुलना करणाऱ्याने एक भारतीय माल्ट पंक्तीला घ्यावीच. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये थेट ग्लासगोत पदार्पण केलं, आणि तिच्या 'फ्युजन'ला समीक्षक जिम मरे यांच्या २०१०च्या 'व्हिस्की बायबल'ने जगात तिसरी ठरवलं. पॉल जॉनची डिस्टिलरी गोव्यात कुंकळ्ळीला आहे. तिथल्या उकाड्यात पिंपातून वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास उडून जातं. पाच वर्षांत जेवढी घट गोव्यात होते तेवढी स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षांतही होत नाही. मुरतेही त्याच वेगाने, त्यामुळे तिच्यावर वय शोधत बसू नये. एवढ्या शुल्कानंतर स्कॉचला जे पैसे पडतात, त्यात गोव्याची बाटली चवीला कमी पडते का, हे नाव झाकून बघा.

१२. फरक कळेनासा झाला की थांबा

तुलनेसाठी १० ते १५ मिलीचा घोट पुरतो. चौथ्या ग्लासानंतर नाक थकतं, आणि त्यापुढचं मत लिहून ठेवण्याच्या लायकीचं नसतं. ब्रिटनमधला आरोग्याचा सल्ला आठवड्याला जास्तीत जास्त १४ युनिटांचा आहे, आणि ४० टक्क्यांची २५ मिली म्हणजे एक युनिट. त्यामुळे आमच्या बैठकीत एका वेळी तीनच ग्लास असतात, आणि गाडी चालवणाऱ्याचे ग्लास फक्त हुंगायला.

किमतीतही हाच नियम. दुप्पट महाग बाटली खुणावत असेल तर थेट ७०० मिली घेऊ नका. ५ सेंटिलिटरच्या छोट्या बाटल्या इथे चांगल्या दुकानांत मिळतात, काही बार अर्धं माप देतात. स्वस्त आणि महाग दोन्ही आणा, नाव झाकून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. दर वेळी महाग ओळखता आली आणि तीच आवडली, तर बिनधास्त घ्या. एकदाही गडबड झाली तर स्वस्त घ्या, आणि वाचलेल्या पैशांत अगदी निराळ्या जातीची दुसरी बाटली. तुलनेला एक जोडी आयती तयार होते.